अठरा पूर्ण झाल्यावर

साशंक : दिव्यांग मुलांच्या अठराव्या वर्षानंतरच्या शिक्षणाचा जिल्हावार आराखडा हवा, असं तुम्ही मांडता. माझी पहिली हरकत आराखड्यावर नाही, तो कुणासाठी यावर आहे. डिस्लेक्सिया असलेला, दहावीला गणितात सवलत घेऊन कॉमर्सला गेलेला मुलगा, ब्रेल वाचत एमएला पोचलेली मुलगी, भूक लागली हेही बोलून सांगता न येणारा स्वमग्न तरुण आणि विसाव्या वर्षी दहाच्या नोटा मोजायला शिकणारी बौद्धिक दिव्यांग तरुणी, या चौघांची गरज एक कशी? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ते सगळे एका फाइलीत घातले की ज्याला रेटून बोलता येतं त्याची सोय होते आणि बाकीचे टक्केवारीपुरते उरतात.

आग्रही : गट एक नाही, मान्य. पण या सगळ्यांच्या आयुष्यात एक तारीख समान आहे. याच कायद्याचं कलम ३१ वय ६ ते १८ या काळात मोफत शिक्षणाचा हक्क देतं. शेजारची शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडा. अठरा पूर्ण झाले की हा हक्क संपतो. पुढे कलम ३२ आहे : सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट. ब्रेल वाचणारी मुलगी त्या जागेवर बसू शकते. नोटा मोजणारी तरुणी बसू शकत नाही, कारण तिच्याकडे बारावी काय, आठवीचाही दाखला नाही. तिच्यासाठी कलम १९ आहे. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी बाजाराशी जोडलेलं वेगळं कौशल्य प्रशिक्षण सरकारनं द्यावं, असं ते म्हणतं. मात्र तिनं ते कुठे मागायचं, कुणी नाकारलं तर कुणाला विचारायचं, हे त्या कलमात लिहिलेलं नाही. एकीला जागा मिळाली आणि दुसरीला आश्वासन. आराखडा हवा तो या दुसरीसाठी.

साशंक : पहिलीचंही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याला केवळ वाचादोषाची टक्केवारी पाहून अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून कुणी अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम त्याला झेपेल का, हे तपासा. डिस्लेक्सियाच्या मुलाचं पाहा. दहावीला खालच्या इयत्तेचं गणित घेण्याची मुभा त्याला परीक्षेतून पार करते, पण पुढे गणित लागणाऱ्या वाटा तिथेच मिटतात आणि ही गोष्ट पंधराव्या वर्षी त्याला कुणी समजावून सांगत नाही. पण चला, दुसरीबद्दल बोलू. तिला अठराव्या वर्षानंतर तुम्ही शिकवणार काय? विशेष शाळेत पूर्वव्यावसायिक वर्गात तिनं कागदी पिशव्या केल्या. पुढे अनुदानित कार्यशाळेत पुन्हा कागदी पिशव्या, फिनेल, फुलवाती, दिवाळीला पणत्या आणि उटणं. तुम्ही म्हणाल, हे आणखी सात वर्षं करू. मी म्हणतो, शिक्षण लांबवण्याच्या नावाखाली तुम्ही तिचं बालपण लांबवताय. सव्वीस वर्षांची माणसं प्रार्थनेला रांगेत उभी राहतात, स्नेहसंमेलनात बालगीतावर नाचतात आणि आपण कौतुकानं टाळ्या वाजवतो.

आग्रही : टाळ्यांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला उलटा वाटतो. शाळेचाच वर्ग पुढे ओढला तर बालपण लांबतं. मोठ्या माणसाला मोठ्या माणसाच्या गोष्टी शिकवल्या तर ते संपतं. आणि या तरुणांच्या बाबतीत त्या गोष्टी शिकण्याचं वय बऱ्याचदा वीस-बावीसच असतं. एका बावीस वर्षांच्या तरुणीला कार्यशाळेतून घरी एकटीनं बसनं जायला शिकवताना मी पाहिलं आहे. आधी शिक्षिका तिच्या शेजारच्या सीटवर. मग दोन सीट मागे. मग त्याच बसमध्ये, पण ओळख न दाखवता. मग बसच्या मागून स्कूटरवर. एके दिवशी रस्ता खणलेला असल्यामुळे बस वळवली आणि तिचा थांबा आलाच नाही. ती घाबरली, रडवेली झाली, पण उठून कंडक्टरपाशी गेली आणि गळ्यातलं कार्ड पुढे केलं. ही एक कृती शिकवायला जवळपास पूर्ण सत्र गेलं होतं. सोळाव्या वर्षी हे झालं नसतं, कारण तेव्हा आईनं तिला एकटीला सोडलंच नसतं. बस, बँक, मोबाइल, आपल्या शरीराची जाण, नको त्या स्पर्शाला नाही म्हणणं, हा अभ्यासक्रम अठराव्या वर्षी सुरू होतो. नेमकं तेव्हाच आपण पट मिटवतो.

साशंक : हे पटतं. पण यासाठी कॉलेज किंवा आयटीआय कशाला? तुमच्या आराखड्यात सर्वसाधारण संस्थांवर भर आहे. आयटीआयच्या एका तुकडीत वीस-चोवीस मुलं, एक निदेशक, फिरती यंत्रं. त्या निदेशकाला विशेष शिक्षणाचा गंध नाही. कुणाचं बोट कापलं तर चौकशी त्याचीच. तो काय करणार? तुमच्या तरुणाला एका कोपऱ्यात स्टुलावर बसवून कापूस देईल पुसायला. हजेरीपटावर समावेशन झालं, प्रत्यक्षात एकटेपणा. त्यापेक्षा कार्यशाळेत त्याला मित्र आहेत, त्याच्या विनोदाला हसणारी माणसं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीनं २०२२मध्ये अशा संरक्षित कार्यशाळांना वेगळं पाडणारी व्यवस्था म्हटलं. जिनिव्हात ते बरोबर असेल. आमच्या तालुक्यात दहा ते चार या वेळात त्याच्यासाठी उघडं असलेलं ते एकच दार आहे. तुमच्या तत्त्वासाठी तेही लावून घ्यायचं?

आग्रही : लावून घ्यायचं नाही. पण त्या दारातून बाहेर पडण्याची सोय आहे का, एवढं तरी विचारू द्या. कार्यशाळेत आलेला तरुण दहा वर्षांनीही प्रशिक्षणार्थीच असतो, त्याच्या हाती मानधन पडतं आणि त्याला वेतन कुणी म्हणत नाही, हे कसलं प्रशिक्षण? आयटीआयबद्दल बोलायचं तर अडचण स्टुलाच्या आधी दारात आहे. शिवणकाम, वेल्डर अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं. बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळेत इयत्ता नसतात, म्हणून दाखला नसतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची आठवीच्या समकक्ष परीक्षा आहे, आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही आहे. तरी बहुतेक पालकांना हे कळतं ते मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर. तो कसाबसा आत शिरला तर थिअरीचा पेपर संगणकावर. ज्याच्या हाताची शिलाई सरळ येते तो बहुपर्यायी प्रश्नांत अडकतो. तेव्हा मी पूर्ण ट्रेड मागत नाहीये. मला त्या ट्रेडमधलं एक काम, त्याचं वेगळं प्रमाणपत्र आणि निदेशकाच्या जोडीला विशेष शिक्षक हवा आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये बारा खाचांचा ट्रे करून दिला तर मोजता न येणारा तरुणही बारा कप बिनचूक लावतो. हे काम कार्यशाळेत शिकवता येतं, पण कँटीनमधली दुपारची गर्दी तिथे कुठून आणाल?

साशंक : ट्रे उत्तम आहे. पण अशा हिकमतींचं व्यवस्थेत काय होतं ते मी सांगतो. एका कार्यशाळेत उटण्याच्या पाकिटांसाठी वजनकाट्यावर लाल रेघ मारली होती. काटा रेघेला लागला की चमचा खाली. दोन तरुणी हे काम शांतपणे, चोख करायच्या. मग दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या कंपनीची भेटवस्तूंची ऑर्डर आली. तारीख चुकवून चालणार नव्हतं. शेवटच्या दोन रात्री शिक्षिकांनी आणि पालकांनी बसून पाकिटं भरली. पाकिटावर मात्र छापलं होतं, 'आमच्या विशेष विद्यार्थ्यांनी बनवलेलं'. यात लबाड कुणीच नव्हतं. संस्थेला विक्री दाखवायची होती, म्हणून शिकवणं बाजूला पडलं. आता तुमचा आराखडा विक्रीऐवजी नोकऱ्या मोजेल. किती तरुणांना काम लागलं यावर अनुदान ठरेल. मग संस्था काय करतील? ज्यांना काम लागण्यासारखं आहे तेच प्रवेशाला घेतील. ज्याला झटके येतात, ज्याचं डायपर बदलावं लागतं, तो पुन्हा घरी. सरकारी नोकऱ्यांचं ४ टक्के आरक्षण घ्या. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. लेखी परीक्षा कोण देऊ शकेल? म्हणजे तो एक टक्का कुणाकडे जाईल, हे तुम्हीच सांगा.

आग्रही : ही हरकत मला खरोखर अडवते. फळ मोजलं की संस्था सोपी माणसं निवडतात. काहीच मोजलं नाही की कार्यशाळा पाळणाघर होते. मला सुचणारा उपाय असा : प्रत्येकानं स्वतःच्या कालच्या जागेपासून किती मजल मारली ते मोजा. बसचा थांबा ओळखणं हा एकीचा टप्पा, चमचा स्वतः तोंडापर्यंत नेणं हा दुसऱ्याचा. आणि ज्याची गरज जास्त, त्याच्या मागे अनुदान जास्त.

साशंक : म्हणजे पुन्हा कागद. आणि गरज जास्त दाखवली की पैसे जास्त, हे कळल्यावर गरजाही फुगतील. इंग्लंडकडे बघा, तुमचे मित्र नेहमी तिथला दाखला देतात. २०१४च्या कायद्यानं त्यांनी शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक मदतीचा एकत्रित वैयक्तिक आराखडा वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची तरतूद केली. कागदावर देखणी. मागणी वाढत गेली, स्थानिक प्रशासनांच्या विशेष गरजांच्या खात्यात मोठी तूट साचली आणि मिळायला हवं ते मिळवण्यासाठी पालकांना न्यायाधिकरणात जावं लागतं. तिथे हे, तर आपल्याकडे जिल्ह्याचा एक अधिकारी काय करणार?

आग्रही : इंग्लंडकडून मी २५ हा आकडा आधी उचलत नाही. तिथे मोठेपणाच्या तयारीची चर्चा नववीत, म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी सुरू करावी लागते. अमेरिकेत सोळाव्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात पुढच्या वाटचालीचा भाग घालणं बंधनकारक आहे. याला तिजोरी लागत नाही. एक बैठक लागते, ज्यात मुलगा, पालक, शाळा आणि पुढची संस्था समोरासमोर बसतात. आपल्याकडे ती बोलवायची कुणी, हाच घोळ आहे. विशेष शाळा आणि कार्यशाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे, अकरावी-बारावी शालेय शिक्षणाकडे, पदवी उच्च शिक्षणाकडे. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, ते चांगलंच झालं. पण अठराव्या वाढदिवशी मुलगा एका विभागाच्या पटावरून उतरतो तेव्हा दुसऱ्या विभागाला त्याची खबर नसते. पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकानं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. त्यातून प्रवासाचा मदतनीस का देता येऊ नये?

साशंक : त्या ५ टक्क्यांचं काय होतं ते गावात विचारा. निधी पडून राहतो आणि मार्च आला की धावपळ. कुणाला खुर्ची, कुणाला पिठाची गिरणी, नाहीतर सगळ्यांना सारखी वाटणी. वाटप दिसतं, फोटो निघतो. मदतनिसाचा पगार बारा महिने द्यावा लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही. दुसरं, तुम्ही नियोजन म्हणता ते कुठल्या आकड्यांवर? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लाख दिव्यांग मोजले. तेव्हा प्रकार ८ मोजले होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचे वेगळे रकानेच नव्हते. त्यानंतर जन्मलेली मुलं आता अठराच्या उंबरठ्याकडे निघाली आहेत.

आग्रही : म्हणूनच मी जनगणनेवर विसंबत नाही. युडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखकार्डावर जन्मवर्ष आहे, प्रकार आहे, पत्ता आहे. शाळांच्या पटावर विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद आहे. या दोन याद्या तालुक्याला एकत्र केल्या की येत्या चार वर्षांत कोण कधी अठराचा होईल, हे नावानिशी कळतं. नियोजनाला राज्याची टक्केवारी कशाला हवी? यंदाच्या जूनमध्ये या तालुक्यात नऊ जण की एकोणीस, एवढं पुरे.

साशंक : ज्यांच्याकडे कार्ड नाही आणि जे शाळेत कधी गेलेच नाहीत, ते या दोन्ही याद्यांत नाहीत. पाड्यावरच्या घरात, ओसरीवर दिवस काढणारा तरुण आशाताईला माहीत असतो, तुमच्या संगणकाला नसतो. बरं, तोही सापडला असं धरू. केंद्र तालुक्याला, त्याचं घर तीस किलोमीटरवर. रोज घेऊन कोण येणार? आई. म्हणजे तिची मजुरी बुडणार. तिला हवं आहे दिवसाचे सहा तास सुरक्षित जागा आणि आपल्यामागे त्याचं बघेल असं कुणीतरी. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनी एकत्र येऊन 'घरकुल' उभं केलं ते याच चिंतेतून. आधी निवाऱ्याची आणि सोबतीची सोय करा. शिक्षणाचं मग बघू.

आग्रही : आईची गरज खरी आहे. पण आईची गरज हीच मुलाची गरज, असं धरलं की तो कायमचा सांभाळायची वस्तू होतो. निवारा आणि शिक्षण यांना एकापुढे एक उभं करू नका. ज्याला स्वतःचा चहा करता येतो, त्याचा निवारा चालवायला एक माणूस कमी लागतो. आणि घरकुलासारखी जागा उभारायला पालकांकडे जमीन, पैसा, संघटना लागते. पाड्यावरच्या आईकडे यातलं काय आहे?

साशंक : मग निर्णय कुणाचा, हे सांगा. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती अठरा वर्षांवरच्या तरुणासाठी कायदेशीर पालक नेमते. २०१६चा कायदा म्हणतो, दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, पालकत्व मर्यादित असावं आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. समजा तुमच्या बैठकीत तरुण म्हणाला, मला आयटीआय नको, मला कार्यशाळेत मित्रांबरोबर राहायचं आहे. तुम्ही ऐकाल?

आग्रही : ऐकावं लागेल. फक्त एक अट. त्यानं दुसरी जागा पाहिलेली असली पाहिजे. आयुष्यभर एकच खोली पाहिलेल्या माणसानं ती खोली निवडली तर त्याला निवड म्हणता येत नाही. दोन आठवडे कँटीन, दोन आठवडे रोपवाटिका, दोन आठवडे कार्यशाळा, आणि मग विचारा.

साशंक : आणि जो बोलतच नाही त्याला कसं विचाराल? तो रोपवाटिकेत हसला, हे आई सांगणार. तो तिथे कंटाळला, हे शिक्षक सांगणार. आपण त्याच्या चेहऱ्यावर आपलीच इच्छा वाचतो. इथे तुमच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही.

आग्रही : नाही. एवढंच म्हणेन की असं वाचणारी माणसं एकापेक्षा जास्त असावीत आणि दरवर्षी नव्यानं वाचावं. पण मला तुमच्याकडून एक स्पष्ट हवं आहे. ज्याच्या शिकण्यातून कधीच रोजगार निघणार नाही, त्याच्या शिक्षणावर सरकारनं अठराव्या वर्षानंतर खर्च करावा की नाही? इतर तरुणांच्या पदवीवर सरकार खर्च करतं, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला नोकरी लागेल अशी अट आपण घालत नाही.

साशंक : हा तुमचा सगळ्यात जड मुद्दा आहे. मी सरळ हो म्हणत नाही, कारण मर्यादा कुठे आखायची ते मला दिसत नाही. पंचवीस म्हटलं तर सव्विसाव्या वर्षी हीच चर्चा पुन्हा. मर्यादाच नको म्हटलं तर शिक्षण आणि सांभाळ यांतला फरक पुसतो आणि मग पैसे सांभाळावर खर्च होऊन शिक्षणाचं नाव लागतं. पण नाहीही म्हणवत नाही. ती थांबा चुकलेली तरुणी कंडक्टरपर्यंत गेली, याची किंमत रोजगाराच्या मापानं काढता येत नाही, हे मला कळतं.

आग्रही : मग आपलं भांडण विशेष शाळा की साधी शाळा, कार्यशाळा की आयटीआय यावर नव्हतंच. पुरेसं शिकून झालं, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं, यावर आहे. आज ते वाढदिवस ठरवतो.

साशंक : आणि वाढदिवसाला जाब विचारता येत नाही. माझा वयोमर्यादेबद्दलचा संशय कायम आहे, अनुदानाच्या मापाबद्दलही. तरी तुमचा आराखडा उद्या जिल्हा नियोजन समितीपुढे आला तर मी त्यात जागांचे आणि इमारतींचे आकडे आधी बघणार नाही. पहिल्या पानावर दोन रकाने बघेन. एकात येत्या वर्षी अठरा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पाड्यावरच्यासकट. दुसऱ्यात त्याच्या पुढच्या वर्षाची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. दुसरा रकाना कोरा असेल तर समितीनं तो आराखडा मंजूर करू नये.